मुक्या जीवाचा पश्चात्ताप

घरात कुत्रे पाळलेल्या प्रत्येक कुटुंबाला एक प्रसंग परिचयाचा असतो. सायंकाळी बाहेरून यावे, दार उघडावे, तर चपलेचा पट्टा कुरतडून पडलेला. कुत्रे कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. कान मागे, शेपटी पोटाशी, आणि नजर वर उचलायला तयार नाही. घरातले कुणीतरी लगेच म्हणते, "बघा, आपण चूक केली हे त्याला कळतंय!" मग राग ओसरतो आणि गुन्हेगाराला माफी मिळते. आपण ख्रिस्ती माणसे या प्रसंगात नकळत आपल्या ओळखीचेच काहीतरी पाहत असतो: अपराध, त्याची जाणीव, झुकलेली मान आणि क्षमा. प्रायश्चित्त संस्कारासाठी रांगेत उभ्या असलेल्या मोठ्या माणसांचे चेहरे मला लहानपणी असेच वाटत.

२००९ साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील संशोधिका अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी या चेहऱ्याचीच परीक्षा घेतली. प्रयोग साधा होता. चौदा पाळीव कुत्री आणि त्यांचे मालक. मालकाने खाऊ समोर ठेवून "खायचा नाही" अशी ताकीद द्यायची आणि खोलीबाहेर जायचे. त्याच्या माघारी कधी कुत्र्याला तो खाऊ खाऊ देत, कधी उचलून घेत. परत आलेल्या मालकाला मात्र कधी खरे सांगत, कधी खोटे. त्यामुळे निरपराध कुत्र्यालाही बोलणी बसत आणि खाऊ फस्त केलेल्याचेही लाडाने स्वागत होई. शेवटी असे दिसून आले, की त्या ओशाळवाण्या चेहऱ्याचा अपराधाशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो मालकाच्या रागावण्याशी. इतकेच नव्हे, ज्याने आज्ञा पाळली होती त्याच कुत्र्याला बोलणी बसली, की त्याचा चेहरा सर्वांत अधिक अपराधी दिसे.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवले. असा एक चेहरा पन्नास वर्षांहून अधिक काळ माझ्या आठवणीत आहे.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील माझ्या वयाच्या माणसांना वर्णन करून सांगावा लागत नाही. वैजापूर तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू जमीन होती. विहिरीने तळ दाखवला, कडबा संपला, आणि पोळ्याला ज्यांच्या शिंगांना बेगड लावली होती (आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून बैलांचा सण काही सुटला नव्हता) ती बैलजोडी बाबांनी बाजारात मिळेल त्या किमतीला देऊन टाकली. आईबाबा खडी फोडायच्या कामावर जात. तेथे मिळणारी सुकडी आम्ही भावंडे मूठमूठ वाटून खात असू. घरी तांबड्या मिलोच्या भाकरी होत. नाताळ कसाबसा पार पडला आणि औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका नातेवाइकाने बाबांना हमालीचे काम पाहून दिले. आम्ही गाव सोडले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

एका ट्रकमध्ये सामान चढले, त्यावर आम्ही चढलो, आणि आमच्यामागून आमचा मोत्या उडी मारून चढला. ड्रायव्हर म्हणाला, कुत्रे नको. बाबांनी त्याला खाली उतरवले. ट्रक निघाला तसा तो मागे धावू लागला. गावाबाहेरच्या नाल्यापाशी ट्रक मंदावला आणि मोत्याने आम्हाला गाठले. तेव्हा बाबा खाली उतरले, त्यांनी दगड उचलला आणि मारला. तो त्याच्या पुढच्या पायाला लागला. मोत्या केकाटला नाही. जागच्या जागी थांबला. कान मागे, शेपटी पोटाशी, मान खाली, आणि डोळे तेवढे वर, बाबांकडे. आई ट्रकमधून म्हणाली, "त्याला वाटतंय, आपलंच काही चुकलं." बाबा काही बोलले नाहीत.

आईचे ते वाक्य घेऊन मी मोठा झालो. हॉरोविट्झ यांचा प्रयोग खरा मानायचा, तर आईचे चुकले होते. मोत्याला आपले काही चुकले असे वाटले नसावे. त्याने केवळ बाबांचा चेहरा वाचला. म्हणजे त्याच्या मनावर खोट्या अपराधाचे ओझे राहिले नाही. हे कळल्यावर मला हलके वाटायला हवे होते. ते वाटले नाही, आणि का वाटले नाही याचा विचार करताना मी ज्या वाटेने गेलो ती वाचकांपुढे ठेवतो.

जनावराला काय कळते, हा प्रश्न प्रयोगशाळांच्या कितीतरी आधीचा आहे. १३ व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात हरणामागे लागलेल्या एका शिकारी कुत्र्याचे उदाहरण विचारात घेतले आहे. कुत्रा तीन वाटा फुटतात तेथे येतो. पहिली हुंगतो, दुसरी हुंगतो. तेथे वास मिळत नाही, तेव्हा तिसरी न हुंगताच तिच्यावरून धावत सुटतो. मग तो तर्क करतो असे म्हणायचे का? संत थॉमस यांचे उत्तर नकारार्थी आहे. बाण नेमका लक्ष्याकडे जातो ती बुद्धी बाणाची नव्हे, धनुर्धराची. घड्याळ बरोबर चालते ती बुद्धी ते घडवणाऱ्याची. तसे त्या कुत्र्याच्या चालीतले शहाणपण त्याला घडवणाऱ्या परमेश्वराचे आहे. आधुनिक वाचकाला हे उत्तर अपुरे वाटेल. मलाही वाटते. पण प्रश्न किती नेमका विचारला आहे ते पाहावे.

पुढे एका येशूसंघीय धर्मगुरूनेच या विषयात आयुष्य घातले. फादर एरिख वासमान (१८५९-१९३१) हे मुंग्यांचे आणि त्यांच्या वारुळात पाहुण्यासारख्या राहणाऱ्या कीटकांचे मोठे अभ्यासक होते. मुंगी म्हणजे निव्वळ यंत्र, असे म्हणणाऱ्यांशी ते भांडले. आणि मुंगीला माणसासारखी बुद्धी बहाल करणाऱ्यांशीही तितक्याच जोराने भांडले. दोन्ही बाजूंशी भांडणारा माणूस सहसा कुणालाच प्रिय नसतो.

त्यांच्याच हयातीत बर्लिनमध्ये हान्स नावाच्या घोड्याने युरोपला वेड लावले होते. त्याला बेरीज-वजाबाकी विचारावी आणि त्याने खूर आपटून बरोबर उत्तर द्यावे. १९०४ साली तज्ज्ञांनी तपासणी केली, तेव्हा कोणतीही लबाडी आढळली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण संशोधकाने धीराने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये उलगडा प्रसिद्ध केला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा विचारणारा घोड्याच्या दृष्टीआड असला, की घोड्याचे गणित चुके. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके किंचित, त्याच्या स्वतःच्याही नकळत, हाले. हान्स ते पाहून थांबे. लोकांनी म्हटले, घोडा फसवा निघाला. मला नेहमी वाटत आले आहे, की त्याला फसवा म्हणणे हा अन्याय होता. ज्या हालचालीचा पत्ता खुद्द माणसालाही नव्हता, ती त्या जनावराने वाचली होती.

घोड्यापेक्षाही हे वाचन कुत्र्याला अधिक साधले आहे, आणि त्याचा उत्तम पुरावा आपल्याच देशातील रस्त्यांवरून मिळाला आहे. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञानसंस्थेत डॉ. अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी भटक्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. ज्यांना कुणी शिकवले नाही, ज्यांच्या गळ्यात पट्टा नाही, अशी ही कुत्री. अनोळखी माणसाने दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे हात केला, तर पुढे आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के त्या हाताच्या रोखाने गेली, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दिसले. त्याआधी २०१७ मध्ये त्यांनी दाखवले होते, की अनोळखी माणूस पुन्हापुन्हा भेटत राहिला तर त्याच्यावर विश्वास बसायला खाण्यापेक्षा अंगावरून फिरवलेला हात अधिक उपयोगी पडतो. गल्लीतल्या उपाशी कुत्र्याला पोळीपेक्षा हात मोलाचा वाटावा, हे वाचून मी थक्क झालो.

जपानमधील अझाबू विद्यापीठात २०१५ मध्ये झालेले काम तर सर्वश्रुत आहे. मालक आणि कुत्रे एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यातील बंध घट्ट करणारे हेच द्रव्य. माणसाने हाताने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असे काही आढळले नाही. यावर काही विद्वान म्हणतात, की मग हे प्रेम कसले, ही तर रसायने. या युक्तिवादाचे मला नवल वाटते. आईच्या अंगात तेच रसायन वाहते म्हणून तिची माया खोटी ठरवायला कुणी धजावत नाही. परमेश्वराने माणसाला मातीतून घडवले असे आपण मानतो. प्रेमालाही देह असतो याने आपण तरी दचकायचे कारण नाही.

परंतु या संशोधनातून मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. लांडग्याकडे नसलेले जे कुत्र्याकडे आहे ते हजारो वर्षे माणसाजवळ राहून आले आहे. जो पिलू माणसाच्या तोंडाकडे पाही त्याला आपण जवळ केले, जो पाहत नसे त्याला हाकलले. पिढ्यान्‌पिढ्या हे होत होत एक प्राणी असा तयार झाला, की ज्याच्या जगण्याचा आधारच आपला चेहरा आहे. मोत्या बाबांचा चेहरा वाचत होता, कारण ते वाचन आपणच त्याच्या रक्तात घातले होते. आईचे म्हणणे खरे असते, तर निदान त्या कुत्र्याजवळ स्वतःचे असे एक मत असते, चुकीचे का होईना. प्रयोग सांगतो की त्याच्याजवळ फक्त आम्ही होतो.

पैठण आमच्याच जिल्ह्यात. या एका गावाने महाराष्ट्राला जनावरांच्या दोन कथा दिल्या. एक रेड्याची. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, अशी परंपरा सांगते. दुसरी गाढवाची. एकनाथ महाराज काशीची गंगा कावडीतून रामेश्वराकडे नेत असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि रामेश्वराला वाहायचे पाणी त्यांनी त्याच्या तोंडात ओतले. रेड्याची कथा अधिक चमत्कारिक, म्हणून अधिक सांगितली जाते. जनावराच्या ठायी माणसासारखे काही आहे का, हा प्रश्न तिच्यात आहे, आणि आपले सारे वाद बहुधा याच प्रश्नाभोवती फिरतात: त्याला बुद्धी आहे का, लाज आहे का, आत्मा आहे का, ते स्वर्गात जाईल का. २०१४ च्या डिसेंबरात तर पोप फ्रान्सिस यांनी एका मुलाला 'तुझा कुत्रा तुला स्वर्गात भेटेल' असे सांगितल्याची बातमी जगभर छापून आली आणि लवकरच ती चुकीची असल्याचे उघड झाले. नाथांनी गाढवाच्या आत्म्याविषयी काही विचारले नाही. त्याला तहान लागली होती आणि पाणी त्यांच्याजवळ होते.

पवित्र शास्त्राचाही कल मला या दुसऱ्या कथेकडे दिसतो. 'तोबित' हे पुस्तक प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलात नाही, आपल्या आहे. त्यात तरुण तोबिया रफाएल देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, आणि त्यांच्यासोबत त्याचा कुत्राही निघतो. परतीच्या वाटेवरही तो मागे चालताना दिसतो. कथेत त्याचे काही काम नाही. तो भुंकत नाही, कुणाला वाचवत नाही. पवित्र लेखकाने त्याला गाळले असते तर कुणाच्याही लक्षात आले नसते. त्याने गाळले नाही.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेला दाखला आपण उपदेशांतून अनेकदा ऐकला आहे. गरीब माणसाजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला मुलीसारखी होती. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी ती कापली. ऐकून दावीद संतापला, आणि मग नाथानने त्याला सांगितले की तो माणूस तूच आहेस. उरीयाचा खून करविल्यावर ज्या राजाचे मन द्रवले नव्हते ते एका पाळीव मेंढीने द्रवले. तिच्या डोळ्यांत त्याला स्वतःचा चेहरा दिसला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ कुत्रेवाल्यांसाठी होईल. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांना दया देणे हे माणसाचे देणे म्हटले आहे. त्यांना विनाकारण यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे ठरवले आहे. पण तेथेच असेही बजावले आहे, की माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो जनावरांवर उधळणेही तितकेच अशोभनीय आहे, आणि केवळ माणसालाच देय असलेले प्रेम जनावराला देऊ नये. जानेवारी २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मुले होऊ न देता कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांना उद्देशून केलेली टीका अनेकांना झोंबली. मला ती सरसकट न्याय्य वाटली नाही. एकट्या पडलेल्या वृद्धांच्या घरात एखादे मांजर काय करते हे मी पाहिले आहे. मात्र वातानुकूलित खोलीत निजणाऱ्या परदेशी जातीच्या कुत्र्यासमोरून आपला डबा झाकून नेणारी मोलकरीणही मी पाहिली आहे, आणि तेव्हा पोप महोदयांचे म्हणणे पटले.

रस्त्यावरचा प्रश्न याहून कठीण. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भारतात होतात. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयी एकामागून एक आदेश दिले आणि देशात दोन तट पडले. ज्या आईने आपले मूल रेबीजने गमावले आहे तिच्यापुढे मी ऑक्सिटोसिनची गोष्ट काढणार नाही. तरी याच कुत्र्यांविषयी कोलकात्याच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेला हिशेब विसरताही येत नाही. ९५ वेतांतील ३६४ पिलांवर त्यांनी लक्ष ठेवले. वयात येईपर्यंत १९ टक्के उरली, आणि जी मेली त्यांतल्या ६३ टक्क्यांच्या मृत्यूला माणूस कारण होता. ज्या हाताकडे ती पोळी सोडून येतात तोच हा हात. कुत्रे मोकाट असते, पण ते रानटी नसते. त्याला पुन्हा लांडगा होता येत नाही. नसबंदी, लस, निवारा, जे काही करायचे ते आपल्या घरातल्या कुणाचे तरी करायचे आहे, अशा जबाबदारीने व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

आमच्या गावाकडून गोदावरी ओलांडली की श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तेथे १९७४ साली एका शेतकऱ्याला जमिनीखाली धातूची चार शिल्पे सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा मानला जाणारा हा रथ दोन बैल ओढत आहेत, मागे एक माणूस उभा आहे, आणि बैलांमागच्या दांडीवर एक कुत्रा उभा आहे. त्या रथाचे छायाचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा शिक्षक झालो होतो. वर्गात मुलांना दाखवताना माझी नजर त्या कुत्र्यावरून हटेना. आम्ही गाव सोडल्यानंतर दुसऱ्याच वर्षी तो जमिनीतून वर आला होता. त्या सारथ्याने आपले कुत्रे गाडीवर घेतले होते.

बाबांना दोष देणे सोपे आहे, आणि मी तो पुष्कळ वर्षे मनात दिला. चार मुलांची तोंडे, अनोळखी शहर, दुसऱ्याचा ट्रक. दगड मारला नसता तर कुत्रे मैलोन्‌मैल धावत सुटले असते आणि रस्त्यात मेले असते. गावात निदान ओळखीच्या चार उंबऱ्यांवर जगले असते. दगड मारण्यातही दया होती, असे म्हणता येईल. बाबांनी ते कधी म्हटले नाही. शहरात आमच्या घरी पुन्हा कुत्रे आले नाही. गल्लीतले एक रोज संध्याकाळी पायरीशी येई. बाबा अर्धी भाकरी तेथे ठेवत आणि पाठ फिरवून आत येत. ते त्याच्या तोंडाकडे कधी पाहत नसत. मला ही त्यांची सवय वाटे. हॉरोविट्झ यांचा प्रयोग वाचेपर्यंत मी तिचा अर्थ लावला नव्हता.

१९९८ च्या पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एका रात्री मी उशाशी बसलो असताना त्यांनी एकाएकी विचारले, "दगड मी बाजूला मारला होता ना रे? लागला नव्हता त्याला."

पंचवीस वर्षांत त्यांच्या तोंडून मोत्याचा उल्लेख झालेला मी ऐकला नव्हता. दिव्याच्या उजेडात ते माझा चेहरा पाहत होते.

मी म्हणालो, "हो बाबा. लागला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर आले आणि त्यांनी बाबांचे पापनिवेदन ऐकले. आम्ही सारे बाहेर ओसरीवर थांबलो होतो.